कल्याणच्या बत्तीस डिश आणि वेरावलीचा पांढरा गोल

(मुलुंड येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा लिखित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवायचे. तेव्हा आज विज्ञानाचाच विषय घेतला, याबद्दल कुणी रुसू नये. विषय आहे रेडिओच्या ट्रान्समीटरचं आणि अँटेनाचं कॅलिब्रेशन, म्हणजे अंशशोधन. नाव ऐकूनच अर्धं सभागृह रिकामं व्हावं असा हा विषय आहे. तरीही आपण एवढे जण आलात, म्हणून आभार.

रेडिओचा इतिहास आपल्याला मार्कोनी, जगदीशचंद्र बोस अशा नावांनी पाठ असतो. लहर कोणी पाठवली, कोणी ऐकली, हे आपण सांगू शकतो. पण अँटेनानं जे ऐकलं ते खरंच तेवढंच होतं का, ट्रान्समीटरनं जे फेकलं म्हणतो ते तेवढंच बाहेर पडलं का, हे तपासायच्या युक्त्या काढणाऱ्यांना इतिहासात जागा नाही. आणि तपासायचं तरी कशाशी ताडून? तराजू खोटा वाटला तर शेजारच्या दुकानातून वजनं आणता येतात. एक किलोमीटरवर, उन्हात उभ्या असलेल्या अँटेनाच्या चुकीचं काय करायचं? या प्रश्नाला गेल्या साठ-सत्तर वर्षांत जी उत्तरं सापडली, त्यांतलं एक अतिशय सुंदर उत्तर ज्या माणसानं शोधलं, तो नंतर इथून लोकलनं अर्ध्या-पाऊण तासावर, कल्याणला येऊन काम करत होता. त्याच्यापासून सुरुवात करतो.

गोविंद स्वरूप. जन्म 1929, उत्तर प्रदेशातलं ठाकुरद्वारा. 1953 साली ते ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले. तिथं पॉट्स हिल नावाच्या ठिकाणी क्रिस्टियनसेन यांनी बांधलेली 32 डिशची एक रांग होती. प्रत्येक डिश 1.8 मीटर व्यासाची, म्हणजे आपल्या गच्चीवर कशीबशी मावेल एवढी. सगळ्यांचे सिग्नल एकत्र आणले की त्या रांगेतून सूर्य बारकाईनं पाहता येई. स्वरूप आणि त्यांचे सहकारी पार्थसारथी यांनी ती रांग वेगळ्या तरंगलांबीसाठी बदलून घेतली. पुढं तिथल्या प्रयोगशाळेला त्या डिश नकोशा झाल्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या, आणि तिथल्या रेडिओ खगोलशास्त्र गटाचे प्रमुख पॉझी यांनी दिल्या. आज ऐकायला साधं वाटतं. पण परदेशी विज्ञानसंस्थेनं अख्खी दुर्बीण बोटीत घालून एका पंचविशीतल्या भारतीय मुलाच्या शब्दावर पाठवावी, यात पॉझी यांचा मोठेपणा आहे, आणि मागणाऱ्याचं धाडसही.

त्या डिश भारतात आल्या आणि बरीच वर्षं तशाच राहिल्या. दरम्यान स्वरूप अमेरिकेत स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडं पीएचडीसाठी गेले. माझ्या आजच्या विषयाचं बीज तिथं आहे.

ब्रेसवेल यांनी स्टॅनफर्डला 32 डिशचाच एक क्रॉस उभारला होता, 9.1 सेंटिमीटर तरंगलांबीचा. आता अडचण पाहा. अनेक डिशकडून येणारे सिग्नल मध्यभागी एकत्र करायचे, तर ते एका पावलात यायला हवेत. तीस टाळकरी एकाच भजनात आहेत, पण एकेकाचा टाळ थोडा मागंपुढं पडतोय, तर ताल कुठला उरणार? रेडिओत या पावलाला फेज म्हणतात. ती मोजतात अंशांत, एक पूर्ण लहर म्हणजे 360 अंश. 9.1 सेंटिमीटरच्या लहरीत नुसत्या एका मिलिमीटरचा फरक पडला तरी चार अंश गेले. आणि केबल उन्हात वाढते. तांब्याची शंभर मीटरची तार दहा अंश सेल्सिअसनं तापली की सुमारे सतरा मिलिमीटर लांब होते. म्हणजे सकाळी जुळवलेली रांग दुपारी साठ-सत्तर अंशांनी बिघडलेली. साठ अंश बिघडलेल्या डिशनं दाखवलेला सूर्य हा सूर्य नसतो, डिशच्या तारेचा तापमापक असतो.

त्या वेळचा उपाय असा, की प्रत्येक डिशपर्यंत चालत जायचं, उपकरण लावायचं, मोजायचं, तार कापायची किंवा जोडायची, पुन्हा मोजायचं. बत्तीस वेळा. तोवर ऊन उतरलेलं.

स्वरूप आणि के. एस. यांग यांनी 1961 मध्ये जो निबंध छापला, त्यात यावर तोड आहे. मध्यभागातून एक सिग्नल केबलमधून डिशकडं पाठवायचा. टोकाशी तो परतवायचा. गेलेल्या आणि परत आलेल्या लहरीची फेज ताडली की जाण्यायेण्याचं अंतर कळलं. त्याचं निम्मं म्हणजे केबलची लांबी. कुठंही चालत जायला नको, खोलीत बसून बत्तीस डिशची हजेरी. इतकंच असतं तर हे कुणालाही सुचलं असतं. पण केबलमध्ये जोड असतात, फाटे असतात, आणि प्रत्येक जोड थोडा थोडा सिग्नल परत फेकत असतो. परत येणाऱ्या त्या गर्दीत टोकावरून आलेली लहर ओळखायची कशी? इथं त्यांची खरी कल्पकता दिसते. त्यांनी डिशजवळच्या टोकाला एक छोटा डायोड बसवला आणि तो भराभर चालू-बंद केला. टोकावरून परतणारी लहर त्यामुळं फडफडत येते. मधल्या जोडांवरून परतणारी स्थिर असते. मध्यभागी फक्त फडफडणारा भाग गाळून घ्यायचा. झालं.

दोन्ही बाजूंचा प्रवास एकाच तारेतून झाल्यामुळं तारेनंच आपली चूक सांगितली, बाहेरून मोजपट्टी आणावी लागली नाही. मोठमोठ्या दुर्बिणींमध्ये पुढं या कल्पनेची अनेक रूपं वापरली गेली. तार जाऊन काचतंतू आला, डायोडाच्या जागी दुसरी साधनं आली, पण पाठवा आणि परत बोलवा ही रीत टिकली. रेडिओ खगोलशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ती स्वरूप आणि यांग यांच्या नावानं येते. मराठी पाठ्यपुस्तकांत मात्र स्वरूप येतात ते केवळ मोठ्या दुर्बिणी बांधणारे म्हणून. मला हे अन्यायाचं वाटतं. मोठी दुर्बीण बांधायला पैसा आणि सरकार लागतं. ही युक्ती एका विद्यार्थ्यानं डोक्यातून काढली होती.

त्याच वर्षी स्वरूप, कृष्णन, कुंडू आणि मेनन या परदेशातल्या चौघा भारतीयांनी मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करायचा प्रस्ताव पाठवला. 1962 च्या जानेवारीत होमी भाभांची होकाराची तार आली. 1963 मध्ये स्वरूप मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. आणि सिडनीहून आलेल्या त्या 32 डिश 1965 मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या. 24 पूर्व-पश्चिम ओळीत, 8 उत्तर-दक्षिण. काम सूर्याचं, तरंगलांबी साधारण अर्धा मीटर. शांत सूर्याच्या किरीटाचं तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचं त्यांनी मोजलं. डोंबिवली-ठाकुर्लीच्या पुढं भाताची खाचरं असलेल्या त्या काळात, पावसाळ्यातल्या दमट हवेत केबलचे जोड गंजू न देता ही मापं घेणं हे काय काम असेल, हे कोकणपट्टीत टीव्हीची अँटेना सांभाळलेल्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

कल्याणची रांग फार वर्षं टिकली नाही. ती शिकण्याची शाळा होती. त्या शाळेतून निघालेल्या लोकांनी 1970 मध्ये उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण डोंगराच्या उतारावर बसवली. आणि मग आली जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी. तिच्याविषयी आपण वृत्तपत्रांत वाचलेलं आहे: 45 मीटरच्या तीस डिश, चौदा मध्यभागी, सोळा तीन हातांवर पसरलेल्या, पंचवीस किलोमीटरपर्यंत. पत्रा न वापरता 0.55 मिलिमीटर जाडीच्या पोलादी तारांची जाळी ताणून बसवल्यामुळं वारा आरपार जातो आणि खर्च वाचतो. हे स्वरूप यांचं दुसरं मोठं काम. 2002 पासून ही दुर्बीण जगभरच्या संशोधकांना खुली आहे.

पण खोडदला कॅलिब्रेशनचा प्रश्न नव्या रूपात उभा राहतो. केबलची चूक मोजली, ठीक. डिशच्या वरच्या आकाशाचं काय? या दुर्बिणीच्या लांब लहरींना आयनांबर वाकवतं, आणि प्रत्येक डिशच्या डोक्यावर ते वेगळं वाकवतं. तिथं डायोड कोण बसवणार?

याचं एक उत्तर जुनंच आहे: आकाशातला ओळखीचा दिवा. 3सी 48, 3सी 147, 3सी 286 अशी रुक्ष नावं असलेले काही दूरचे रेडिओस्रोत आहेत, ज्यांची तीव्रता आणि जागा पक्की ठाऊक आहे. निरीक्षक आपल्या लक्ष्याकडं पाहता पाहता ठरावीक वेळानं दुर्बीण एखाद्या ओळखीच्या स्रोताकडं वळवतो, तिथं प्रत्येक डिशनं काय सांगायला हवं होतं आणि काय सांगितलं यातला फरक काढतो, आणि तो फरक लक्ष्याच्या मोजमापातून वजा करतो. खोडदला ज्यांनी रात्रपाळी केली आहे त्यांना ही नावं घरच्या माणसांसारखी पाठ असतात.

दुसरं उत्तर अधिक चतुर आहे. ते 1958 मध्ये इंग्लंडात जॉड्रेल बँकच्या जेनिसन यांनी दिलं. तीन डिश घ्या. त्यांच्या तीन जोड्या होतात. प्रत्येक जोडीच्या फेजमध्ये दोन डिशच्या चुका मिसळलेल्या असतात, एकीची अधिक, दुसरीची उणे. आता तिन्ही जोड्यांच्या फेज एका फेरीनं बेरजेत घेतल्या, पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली, तर प्रत्येक डिशची चूक एकदा अधिक आणि एकदा उणे येते आणि नाहीशी होते. उरते ती फक्त आकाशाची गोष्ट. डिश खोटं बोलत असली तरी त्रिकोण खरं बोलतो! आता खोडदचा हिशेब करा. तीस डिशच्या 435 जोड्या. डिशच्या चुका मात्र, एकीला शून्य मानून, फक्त 29. माहिती 435 आणि अज्ञात 29. म्हणजे आकाशाचं चित्र आणि डिशच्या चुका दोन्ही एकाच निरीक्षणातून काढता येतात, संगणक पुन्हा पुन्हा फिरवून. याला स्वयं-कॅलिब्रेशन म्हणतात. कागदावर तो बीजगणिताचा पाचवीचा नाही, पण आठवीचा धडा नक्की आहे.

ही सगळी मेहनत कशासाठी, असं एका गृहस्थांनी मला विचारलं होतं. एक प्रसंग सांगतो. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याच्यावरचा छोटा ट्रान्समीटर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाशी बोलण्यासाठी होता, पृथ्वीशी बोलण्यासाठी नव्हता. तो सिग्नल खोडदच्या डिशनी ऐकला, यान वातावरणात शिरताना लहरीची वारंवारता कशी सरकते तेही टिपलं. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी सिग्नल बंद पडला, यान आदळलं. ते नेमकं केव्हा गप्प झालं, याचा थेट साक्षीदार जुन्नर तालुक्यात होता.

आता उपनगरात परत येऊ. पवईला, आयआयटीच्या आवारात, समीर नावाची संस्था आहे. ती 1984 मध्ये झाली, पण तिचं मूळ टाटा संस्थेतल्या 1977 च्या एका छोट्या मायक्रोवेव्ह गटात आहे. तिरुपतीजवळ गादंकीला आकाशातल्या वाऱ्याचा वेध घेणारं एक रडार आहे, 1024 यागी अँटेनांचं, 32 बाय 32 च्या पटावर मांडलेलं. ते उभं करण्यात पवईच्या या मंडळींचा मोठा वाटा होता. तिथं ऐकण्याबरोबर फेकायचंही आहे. मूळच्या रचनेतले 32 ट्रान्समीटर एका पावलात नसते तर किरण वर जाण्याऐवजी भलतीकडं वाकला असता. कल्याणचाच प्रश्न, उलट्या दिशेनं.

आणि तोच प्रश्न आता आपल्या सोसायटीच्या गच्चीवर आहे. ऑक्टोबर 2022 पासून आपल्याकडं 5जी आलं. त्याच्या एका चपट्या पेटीत 32 किंवा 64 छोट्या अँटेनांच्या साखळ्या असतात, आणि त्या एकत्र मिळून किरण तुमच्या फोनकडं वळवतात. फोन कुठं आहे हे पेटीला कसं कळतं? फोन एक ओळखीचा सिग्नल पाठवतो, पेटी तो ऐकते, आणि ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत पाठवते. हवेतली वाट दोन्ही दिशांनी सारखीच असते. पण पेटीच्या आतली ऐकण्याची आणि फेकण्याची यंत्रणा सारखी नसते, प्रत्येक साखळीत वेगळी असते, आणि अंधेरीच्या मे महिन्यात गच्चीवरच्या पत्र्याशेजारी ती तापून आणखी बदलते. मग पेटी स्वतःशीच बोलते: एका अँटेनातून हळूच सिग्नल सोडते, शेजारच्या अँटेनांनी तो ऐकायचा, मग उलट. 2012 मध्ये अमेरिकेतल्या राइस विद्यापीठातल्या गटानं 64 अँटेनांच्या ‘आर्गोस’ या प्रयोगात एका संदर्भ-अँटेनाच्या आधारानं हे करून दाखवलं. नंतर या विषयावर पेटंटांचा पाऊस पडला. त्या पेटंटांची भाषा इतकी किचकट असते की वकिलांनाही झोप येते, पण बहुतेकांचा गाभा एकच: अँटेनांना एकमेकींची हजेरी घ्यायला लावा.

गच्चीवरच्या या पेट्यांविषयी आपल्याकडं भीती आहे, मोर्चेही निघाले. 1 सप्टेंबर 2012 पासून भारतानं किरणोत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली. 900 मेगाहर्ट्झला चौरस मीटरमागं 0.45 वॅट. सोसायटीच्या सभेत मोजमापाचा कागद फडकवला जातो तेव्हा माझा प्रश्न नेहमी वेगळा असतो: ज्या मीटरनं मोजलं, त्या मीटरचं कॅलिब्रेशन कधी झालं? कागदावर तारीख असते का? बहुधा सभेत शांतता पसरते, आणि विषय पार्किंगवर जातो.

विमानतळाविषयी दोनच वाक्यं. घाटकोपरवरून उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा सिग्नल 90 आणि 150 हर्ट्झचे दोन सूर पाठवतो आणि दोन्ही सारखे ऐकू आले की विमान मधोमध आहे. उताराचा कोन दाखवणारी अँटेना बहुधा समोरच्या जमिनीवरून परावर्तन घेते, त्यामुळं जमीन भिजली किंवा गवत वाढलं तरी फरक पडू शकतो, आणि म्हणूनच खास विमान उडवून ती वेळोवेळी हवेतून तपासावी लागते.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला, तिथं येतो. 26 जुलै 2005. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, कुलाब्याला 73. एकाच शहरात. त्या दिवशी उपनगरांवरचा ढग पाहणारं डॉप्लर रडार मुंबईत नव्हतं. पुढं कुलाब्याला ते आलं, दहा सेंटिमीटर लहरीचं. आणि 14 जानेवारी 2022 रोजी अंधेरी-जोगेश्वरीच्या सीमेवर, वेरावलीच्या टेकडीवर दुसरं आलं, सी-बँडचं, म्हणजे सुमारे पाच सेंटिमीटर लहरीचं. रडार झाकणारा तो पांढरा गोल आपल्यापैकी अनेकांनी जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरून जाताना पाहिला असेल.

रडार पाऊस मोजत नाही. ते थेंबांवरून परतणारी शक्ती मोजतं, डेसिबलमध्ये, आणि सूत्रानं तिचा पाऊस करतं. मार्शल आणि पामर यांचं जुनं सूत्र घेतलं तर तीन डेसिबलची चूक म्हणजे शंभर मिलिमीटर पाऊस रडारला एकशे चौपन्न किंवा पासष्ट दिसणार. तीन डेसिबल म्हणजे काही फार नाही. एखादा ढिला जोड, थोडा थकलेला ट्रान्समीटर, एवढ्यानं होतं.

मग वेरावलीच्या अँटेनाची हजेरी कोण घेणार? एक ओळखीचा दिवा आकाशात आहे: सूर्य. उगवताना आणि मावळताना तो रडारच्या नजरेत येतो आणि रेडिओतही तळपतो. त्याची रोजची तीव्रता कॅनडातल्या पेंटिक्टनला 10.7 सेंटिमीटरवर मोजून जाहीर होते. त्यावरून अँटेनाची दिशा आणि ऐकण्याची बाजू तपासता येते. कल्याणला ज्या सूर्याचं मोजमाप चाललं होतं, तो इथं मोजपट्टी झाला. पण सूर्य ट्रान्समीटरविषयी काही सांगू शकत नाही. त्यासाठी ठाऊक आकाराचा धातूचा गोळा हवेत टांगून त्यावरून परतणारी शक्ती मोजावी लागते, किंवा यंत्राच्या आत मोजमापाची साखळी ठेवावी लागते.

आणि एक अडचण अशी, जी सूर्यालाही आणि गोळ्यालाही सापडत नाही. धो धो पावसात त्या पांढऱ्या गोलावरच पाण्याचा थर वाहतो आणि सिग्नल जाताना-येताना अडतो. शिवाय पाच सेंटिमीटरची लहर मुसळधार पावसातून जाताना स्वतःच क्षीण होते. कुलाब्याची दहा सेंटिमीटरची तेवढी होत नाही. म्हणजे ज्या तासाला आपल्याला आकडा सर्वांत जास्त हवा, नेमका त्याच तासाला रडारनं कमी सांगण्याची शक्यता सर्वांत जास्त. आडव्या आणि उभ्या दोन्ही प्रकारच्या लहरी पाठवून त्यांच्या फेजमधल्या फरकावरून ही घट भरून काढायची रीत आहे. फेजला शक्तीतली घट बाधत नाही, म्हणून.

जमिनीवर साक्षीदारही आहेत. महापालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं शहरभर, अनेक ठिकाणी अग्निशमन केंद्रांच्या आणि वॉर्ड कार्यालयांच्या आवारात बसलेली आहेत. रडारनं मुलुंडवर किती पाऊस पाहिला आणि मुलुंडच्या मापकात किती साचला, यातला फरक हेच रडारचं रोजचं कॅलिब्रेशन होऊ शकतं. अट एकच, दोन्हीकडच्या नोंदी एका ठिकाणी, एकाच घड्याळानं याव्यात. आणि मापकाच्या भांड्यात कावळ्यानं काड्या आणून टाकल्या नसाव्यात.

माझी मागणी अगदी छोटी आहे. पावसाळ्यात आपण सगळे फोनवर रडारचं ते रंगीत चित्र बघतो आणि मुलांना शाळेत पाठवायचं की नाही ते ठरवतो. त्या चित्राच्या कोपऱ्यात वेळ छापलेली असते. तिच्या खाली आणखी दोन गोष्टी छापाव्यात: या रडारचं शेवटचं कॅलिब्रेशन कोणत्या तारखेला झालं, आणि त्या दिवशी ते किती डेसिबलनं चुकत होतं. प्रश्नोत्तरांत कुणी म्हणेल की यामुळं लोकांचा विश्वास उडेल. तसं वाटणाऱ्यांनी हात वर करावा, आपण बोलू.